मुंबई ते लंडन : अंतर आणि वेळ

"मुंबईहून लंडन किती दूर आहे ?" हा प्रश्न वर्गांत विचारला असतां चार मुलें चार निराळीं उत्तरें देतात. एक म्हणतो, सुमारें ७,२०० किलोमीटर, दुसरा म्हणतो, सुमारें ४,४८० मैल, ज्यानें नौकानयनाविषयीं कांहीं वाचलें आहे तो म्हणतो, सुमारें ३,८९० सागरी मैल, आणि चौथा, ज्याचा चुलता नुकताच त्या प्रवासाहून परत आला आहे, तो म्हणतो, "साडेनऊ तास!" वर्ग हंसतो, परंतु हंसण्याचें कारण नाहीं. आपले पूर्वज मजल दरमजल करीत जात, तेव्हां त्यांची 'मजल' ही अंतराचीही मोजणी होती व दिवसाचीही. चौथ्या मुलाचें उत्तर त्याच जातीचें आहे. मात्र पहिल्या तीन उत्तरांत व चौथ्यांत एक मोठा भेद आहे. पहिलीं तीन एकाच अंतराचीं तीन मापें आहेत. तीं कालही खरीं होतीं व उद्यांही खरीं राहतील. चौथें उत्तर मात्र दिवसागणिक बदलतें. इतकेंच नव्हे, तर जातांना एक व येतांना दुसरें असें होतें. असें कां व्हावें, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१. सरळ मार्ग कोणता ?

भिंतीवर टांगलेला जगाचा नकाशा बहुधा मर्केटरच्या पद्धतीनें काढलेला असतो. त्यावर मुंबई व लंडन या दोन शहरांमध्यें पट्टी ठेवून रेघ मारली, तर ती इराणच्या दक्षिण भागावरून, इराक व तुर्कस्तान या देशांवरून वायव्येकडे जातांना दिसते. डोळ्यांस हाच जवळचा मार्ग वाटतो. आतां शाळेंतील पृथ्वीगोल घ्यावा, मुंबईवर दोऱ्याचें एक टोंक धरावें, लंडनवर दुसरें धरावें, आणि दोरा घट्ट ताणावा. ताणलेला दोरा आपोआप सर्वांत आंखूड वाट शोधून काढतो. तो पट्टीच्या रेघेवरून जात नाहीं. तो मुंबईहून कराचीकडे, तेथून बलुचिस्तान व इराण ओलांडून कास्पियन समुद्रावर, पुढें कॉकेशस पर्वत, क्रिमिया, दक्षिण पोलंड व जर्मनी यांवरून लंडनला पोहोंचतो. भिंतीवरच्या नकाशांत हाच मार्ग काढला तर तो उत्तरेकडे फुगलेल्या धनुष्यासारखा दिसतो; परंतु पट्टीच्या रेघेपेक्षां तो सुमारें २०० किलोमीटरांनीं कमी भरतो.

यांत दोष डोळ्यांचाही नाहीं व पट्टीचाही नाहीं. संत्र्याची साल सोलून पाटावर सपाट पसरूं लागलों तर ती फाटते; ती न फाडतां पसरावयाची असेल तर कोठें तरी ताणली पाहिजे. नकाशा काढणारा पृथ्वीची साल अशीच ताणून कागदावर बसवितो. म्हणून कागदावरची सरळ रेघ ही पृथ्वीवरची सर्वांत जवळची वाट असेलच असें नाहीं. गोलाचे बरोबर दोन समान भाग पाडणाऱ्या वर्तुळास भूगोलवेत्ते बृहद्वृत्त म्हणतात; दोन गांवांमधून जाणाऱ्या बृहद्वृत्ताचा जो लहान तुकडा, तोच त्या गांवांमधील जवळचा मार्ग होय.

या दोऱ्याच्या प्रयोगांत एक मोठी मौज आहे. लंडन शहर मुंबईच्या कितीतरी उत्तरेस आहे. मुंबईचा अक्षांश सुमारें १९ अंश, तर लंडनचा सुमारें ५१॥ अंश. तेव्हां लंडनहून मुंबईस येणाऱ्यानें आग्नेयेकडे तोंड करून निघावें असें कोणासही वाटेल. परंतु ताणलेला दोरा पाहा : तो लंडनहून जवळजवळ थेट पूर्वेकडे निघतो ! दक्षिणेकडे तो हळूहळू वळत जातो व मुंबईच्या जवळ येईपर्यंत त्याची दिशा चांगलीच आग्नेयेची झालेली असते. वस्तुतः दोरा कोठेंच वळलेला नसतो. वळते ती आपली दिशा मोजण्याची रीत, कारण उत्तरेकडील रेखांशाच्या रेषा ध्रुवाजवळ एकत्र येत जातात. घरीं संत्रें व सुतळी असेल तर हा प्रयोग करून पाहण्यास पृथ्वीगोलही लागत नाहीं.

अंतराचें गणितही कठीण नाहीं. पृथ्वीचा परीघ सुमारें ४०,००० किलोमीटर आहे. त्याचे ३६० अंश केले म्हणजे एका अंशास सुमारें १११ किलोमीटर पडतात. पृथ्वीच्या मध्यबिंदूपासून मुंबई व लंडन यांच्याकडे दोन रेषा काढल्या, तर त्यांमधील कोन ६५ अंशांस किंचित् कमी भरतो. ६५ ला १११ नीं गुणिलें असतां ७,२१५ येतात. कोन किंचित् कमी असल्यामुळें सुमारें ७,२०० किलोमीटर हें आपलें उत्तर. सागरी मैलाचा उगमही येथेंच आहे. एका अंशाचे साठ भाग केले, तर एका भागाइतकें पृथ्वीवरील अंतर म्हणजे एक सागरी मैल, अर्थात् १,८५२ मीटर. म्हणूनच नावाडी व वैमानिक आजही हेंच माप पसंत करतात : नकाशावरील कोन मोजला कीं अंतर हातीं आलेंच.

२. वाट लांबविणारे कोण ?

मनुष्याला हा दोऱ्याचा मार्ग फार उशिरां मिळाला. शिडाच्या जहाजांना आफ्रिकेच्या दक्षिण टोंकास वळसा घालून यावें लागे व त्यांत महिन्यांमागून महिने जात. १७ नोव्हेंबर १८६९ रोजीं सुवेझचा कालवा खुला झाला व तो प्रचंड वळसा वांचला. ३० मार्च १९२९ रोजीं लंडनहून कराचीपर्यंत विमानाची टपाल सुरू झाली. तो प्रवास सुमारें एका आठवड्याचा असून युरोपांतील कांहीं भाग आगगाडीनें ओलांडावा लागे. ती टपाल पुढें मुंबईस आणण्याचें काम जे. आर. डी. टाटा यांनीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं आरंभिलें. एका लहानशा विमानांतून ते कराचीहून अहमदाबादमार्गें जुहूच्या मैदानावर उतरले. ८ जून १९४८ रोजीं 'मलबार प्रिन्सेस' नांवाचें विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हा येथें थांबत लंडनला जाण्यास निघालें. १९६० मध्यें या मार्गावर एअर इंडियाचीं जेट विमानें आलीं, आणि आज विमान वाटेंत कोठेंही न उतरतां जातें.

तेव्हां आतां तरी विमान दोऱ्यासारखें सरळ जात असेल, असें वाचकांस वाटेल. तसें होत नाहीं. समुद्राचा मोठा भाग सर्वांचा आहे, परंतु जमिनीवरील आकाश त्या त्या देशाचें आहे. ७ डिसेंबर १९४४ रोजीं शिकागो येथें जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या पहिल्याच कलमांत प्रत्येक राष्ट्राची आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण सत्ता आहे असें मान्य केलें आहे. ज्याचें आकाश त्याची परवानगी. आपल्या दोऱ्याखालीं कोणकोणते देश आले होते तें पुन्हां आठवावें. २४ फेब्रुवारी २०२२ रोजीं युक्रेनवर युद्ध कोसळलें आणि त्या देशाचें आकाश नागरी विमानांस बंद झालें. २४ एप्रिल २०२५ रोजीं पाकिस्ताननें भारतीय विमानांस आपलें आकाश बंद केलें, व त्याच महिन्याच्या अखेरीस भारतानें पाकिस्तानी विमानांस आपलें बंद केलें. दोऱ्याचा मार्ग असा दोन ठिकाणीं तुटला, आणि विमानांस समुद्रावरून व दुसऱ्या देशांवरून वळसा घ्यावा लागला.

हा वळसा म्हणजे व्यर्थ खर्च असें कोणी म्हणूं नये. १७ जुलै २०१४ रोजीं ॲमस्टरडॅमहून क्वालालंपूरला निघालेलें मलेशियाचें एक प्रवासी विमान पूर्व युक्रेनवरून जात असतां क्षेपणास्त्रानें पाडलें गेलें, आणि आंतील सर्व २९८ माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यांत सुटीसाठीं निघालेलीं कुटुंबें होतीं, लहान मुलें होतीं. खालीं चाललेल्या युद्धाशीं त्यांचा कांहींएक संबंध नव्हता. भूमितीनें जो मार्ग सर्वांत जवळचा ठरविला, तोच सर्वांत सुरक्षित असतो असें नाहीं. म्हणून शहाणा वैमानिक लांबची वाट आनंदानें पत्करतो.

३. वाऱ्याचा हिशेब

आतां दुसरा प्रश्न. मुंबईहून लंडनला जाण्यास लंडनहून मुंबईस येण्यापेक्षां बहुधा अधिक वेळ कां लागतो ? अंतर तर दोन्हींकडून तेंच.

यावर पुष्कळ विद्यार्थी चटकन् उत्तर देतात कीं, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते हें त्याचें कारण असावें. मग त्यांच्याच ध्यानांत येतें कीं, या तर्काप्रमाणें उलट झालें पाहिजे. विमान पश्चिमेकडे जात असतां लंडन आपण होऊन त्याच्याकडे धांवत आलें पाहिजे! खरी गोष्ट अशी कीं, पृथ्वीबरोबर तिचें वातावरणही फिरतें, आणि त्या वातावरणांत असलेलें विमानही. मुंबईच्या अक्षांशावर पृथ्वीच्या फिरण्याची गति तासास सुमारें १,५८० किलोमीटर, म्हणजे सेकंदास ४३० मीटरांहून अधिक आहे. पाय जमिनीवरून सुटतांच ती गति आपणांस सोडून जात असती, तर मैदानावर एक सेकंदभर उंच उडी मारणारा विद्यार्थी शाळेच्या कुंपणाबाहेर कोठल्याकोठें जाऊन पडला असता. तसें कधीं झालेलें नाहीं.

खरें कारण वारा हें आहे. मोठीं विमानें दहा ते बारा किलोमीटर उंचीवरून जातात. त्या उंचीवर, विशेषतः समशीतोष्ण कटिबंधांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अत्यंत वेगवान वारे असतात. त्यांस जेट प्रवाह म्हणतात. हिंवाळ्यांत ते अधिक जोराचे होतात. लंडनला जाणाऱ्या विमानास ते समोरून अडवितात, आणि मुंबईस येणाऱ्यास पाठीमागून ढकलतात. नदींत प्रवाहाविरुद्ध वल्हविणारा नावाडी व प्रवाहाबरोबर जाणारा नावाडी यांच्यांत जो फरक, तोच येथेंही.

सोपें उदाहरण घेऊं. समजा, विमानाचा हवेंतील वेग तासास ९०० किलोमीटर आहे व वारा तासास १०० किलोमीटर वेगानें वाहत आहे. जातांना जमिनीवरील वेग ८०० होईल, व ७,२०० किलोमीटरांस ९ तास लागतील. येतांना वेग १,००० होईल, व तेंच अंतर ७ तास १२ मिनिटांत संपेल. दोन्ही मिळून १६ तास १२ मिनिटें झालीं. आतां वारा मुळींच नसता तर काय झालें असतें ? जातांना ८ व येतांना ८, मिळून १६ तास. म्हणजे वाऱ्यानें जातांना जो एक तास घेतला, त्यांतील ४८ मिनिटेंच येतांना परत दिलीं; बाकीचीं १२ मिनिटें त्यानें ठेवून घेतलीं ! याचें कारण विद्यार्थ्यांनीं स्वतः शोधावें. थोडें सांगून ठेवतों : प्रतिकूल वारा विमानावर नऊ तास काम करतो, अनुकूल वाऱ्यास मात्र काम करण्यास सातच तास मिळतात.

यावर देशांच्या सीमांमुळें पडणारा वळसा मिळवावा. समजा, वाट एकदशांशानें, म्हणजे ७२० किलोमीटरांनीं लांबली. समोरच्या वाऱ्यांत ८०० च्या वेगानें त्यास आणखी ५४ मिनिटें लागतील. शिवाय धावपट्टीपर्यंत जाणें, वर चढणें, उतरण्यासाठीं रांगेंत थांबणें हें सर्व धरिलें, म्हणजे नऊ तासांचे दहा किंवा अधिक कसे होतात तें सहज कळेल.

हा हिशेब केवळ करमणुकीचा नव्हे. कारण वेळावरून इंधन ठरतें, आणि आकाशांत इंधन उसनें मिळत नाहीं. म्हणून विमानांत प्रवासापुरतेंच नव्हे, तर ठरल्या ठिकाणीं उतरतां न आल्यास दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्याचें, व त्यावरही निदान अर्धा तास घिरट्या घालण्याइतकें इंधन राखून ठेवण्याचा दंडक आहे. एककाची चूक झाली तर काय होतें, याचें उदाहरण २३ जुलै १९८३ रोजीं कॅनडांत घडलें. एका नव्या मोठ्या विमानास २२,३०० किलोग्रॅम इंधन हवें होतें. हिशेब करतांना एका लिटरचें वजन किलोग्रॅममधील ०.८ ऐवजीं पौंडांमधील १.७७ असें धरिलें गेलें, आणि हव्या त्याच्या निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन विमान उडालें. अर्ध्या वाटेंत, आकाशांत उंचावर, दोन्ही इंजिनें बंद पडलीं. वैमानिकांनीं विलक्षण कौशल्यानें तें विमान घारीसारखें तरंगत आणून गिमली नांवाच्या गांवच्या सोडून दिलेल्या धावपट्टीवर उतरविलें, म्हणून कोणाचाही प्राण गेला नाहीं. उत्तरापुढें एकक लिहिण्याचा आळस करणाऱ्या विद्यार्थ्यांनीं ही हकीकत एकदां मन लावून वाचावी.

४. घड्याळाचें कोडें

राहिला प्रश्न घड्याळाचा. येथें लहानांप्रमाणें मोठ्यांचाही गोंधळ होतो.

समजा, जानेवारी महिन्यांत मुंबईहून दुपारीं १ वाजतां निघालेलें विमान लंडनच्या घड्याळांत सायंकाळीं ५॥ वाजतां उतरलें. वजाबाकी केली तर प्रवास साडेचार तासांचा दिसतो. परत येतांना तें लंडनहून रात्रीं ९ वाजतां निघालें व दुसऱ्या दिवशीं सकाळीं ११॥ वाजतां मुंबईस पोहोंचलें. येथें वजाबाकी साडेचौदा तास दाखविते. एकाच वाटेस जातांना साडेचार व येतांना साडेचौदा तास लागणें शक्य नाहीं. दोन गांवांचीं घड्याळें एक नसतां एकांतून दुसरें वजा करणें म्हणजे शेरांतून हात वजा करण्यासारखें आहे.

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका तासांत १५ अंश व चार मिनिटांत एक अंश. भारताचें प्रमाणवेळ ८२॥ अंश पूर्व रेखांशावरून घेतलेलें आहे. ८२॥ ला चारांनीं गुणिलें म्हणजे ३३० मिनिटें, अर्थात् साडेपांच तास होतात. म्हणून हिंवाळ्यांत लंडनचें घड्याळ आपल्यापेक्षां साडेपांच तास मागें असतें. उन्हाळ्यांत तेथील लोक आपलीं घड्याळें एक तास पुढें करतात, त्यामुळें फरक साडेचार तासांचा राहतो. खुद्द मुंबईचा रेखांश सुमारें ७२॥। अंश आहे, त्यामुळें भारताचें प्रमाणवेळ १९०६ मध्यें सुरू झाल्यावरही मुंबईनें आपलें जुनें, ३९ मिनिटें मागचें घड्याळ १९५५ पर्यंत सोडलें नव्हतें. त्या काळीं मुंबईकरास लंडनला न जातांही हें कोडें रोज सोडवावें लागत असे !

आतां आपलें उदाहरण सोडवूं. जातांना साडेचारांत साडेपांच मिळवावे : १० तास. येतांना साडेचौदांतून साडेपांच वजा करावे : ९ तास. वाऱ्याविषयीं आम्हीं जें वर सांगितलें, त्याच्याशीं हें जुळतें. आणखी एक युक्ति सांगतों. घड्याळांतील फरक माहीत नसला तरी चालेल. जातांनाचे साडेचार व येतांनाचे साडेचौदा यांची बेरीज करून निम्मी करावी. उत्तर साडेनऊ तास, आणि हीच खरी सरासरी होय. कारण घड्याळानें एका बाजूस जें चोरलें, तें दुसऱ्या बाजूस तितकेंच परत केलें. चौथ्या मुलाच्या चुलत्यानें बहुधा हाच हिशेब केला असावा.

आतां चौथ्या मुलाचें उत्तर कां बदलतें, हें स्पष्ट झालें असेल. अंतर पृथ्वीनें ठरविलें. तें ७,२०० किलोमीटर. घड्याळ पाहणारास फसवितें, परंतु चोरी पूर्ण परत करतें. वारा घेतो व त्यांतील बहुतेक परत देतो. देशादेशांतील वैर मात्र जातांनाही वाट लांबवितें व येतांनाही लांबवितें. त्याच्याकडे परतफेड नाहीं.

आज आपल्यापैकीं अनेक घरांतील कोणीना कोणी शिक्षणासाठीं अगर नोकरीसाठीं दूरदेशीं आहे. विमान किती वाजतां पोहोंचेल याची वाट पाहत घरची वडील मंडळी रात्र जागून काढतात, आणि घड्याळाची चुकीची वजाबाकी करून उगाच घाबरतात. विद्यार्थ्यांनो, अशा वेळीं आजीजवळ बसून हा हिशेब तिला समजावून सांगावा, व वळशामुळें तासभर उशीर होणें यांत भिण्यासारखें कांहीं नाहीं हेंही सांगावें. तिचा एक तास काळजीवांचून गेला, तर भूगोल शिकल्याचें सार्थक झालें.

स्वाध्याय : (१) जुलै महिन्यांत लंडनहून सकाळीं १० वाजतां निघालेलें विमान ९ तास उडून मुंबईस पोहोंचलें, तर मुंबईच्या घड्याळांत किती वाजले असतील ? (२) वाऱ्याचा वेग १०० ऐवजीं १८० किलोमीटर धरून जाण्यायेण्याचा एकूण वेळ काढा, व वारा नसतांच्या १६ तासांशीं ताडून पाहा. (३) पृथ्वीगोलावर मुंबई व न्यूयॉर्क यांमध्यें दोरा ताणा, आणि तो कोणकोणत्या देशांवरून जातो त्यांची यादी करा.